सीएनसीच्या सेन्सरला काढता-घालता येणारी वायर : कुठला कनेक्टर, कुठे आणि कसा?

गॅलरीतला_कारखाना
मंडळी, हॉबी सीएनसीवाल्यांसाठी प्रश्न आहे. माझं मशीन म्हणजे ॲल्युमिनियम प्रोफाइलवर बांधलेला छोटा राउटर (कॉम्प्युटरच्या आज्ञेने लाकूड कोरणारं मशीन), ६०० बाय ४०० मिलिमीटरचा बेड, कंट्रोलर म्हणून आर्डुइनो उनो, त्यावर मोटर-सेन्सर जोडायला सीएनसी शील्ड, आत जीआरबीएल १.१ हे सॉफ्टवेअर. होमिंगसाठी, म्हणजे मशीनने आपली सुरुवातीची जागा शोधावी म्हणून, तिन्ही ॲक्सिसला इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की न टेकता ओळखणारे) आहेत, ते १२ मिलिमीटर आट्यांचे एलजे१२ए३ सगळीकडे मिळतात ना, तेच. सप्लाय १२ व्होल्ट. मशीन चालतं व्यवस्थित, अडचण आहे ती जागेची. परळला वन रूम किचन, काम गॅलरीत, आणि काम संपलं की गॅन्ट्री (बेडवरचा सरकता पूल) सोडवून पलंगाखाली आणि बेड भिंतीला उभा. मोटरच्या वायरींना मोटरपाशीच प्लग आहे, त्या पटकन सुटतात, पण सेन्सरची वायर थेट सेन्सरच्या पोटातून येते, मधे जोड नाही, म्हणजे दर वेळी ड्रॅग चेनच्या (वायरी सांभाळणाऱ्या साखळीच्या) कड्या उघडा, वायर ओढून काढा, शील्डवरून सोडवा आणि परत जोडताना भुरी कुठे काळी कुठे ते बघत बसा.

आता विचार असा आहे की सेन्सरपासून वीतभर अंतरावर वायर कापायची आणि तिथे कनेक्टर बसवायचा. पण वायर कापल्यावर सेन्सरच्या रीडिंगमध्ये फरक पडतो का, कनेक्टर कुठला घ्यायचा, आणि मशीनच्या थरथरीत तो टिकेल का हे कुणी स्वतः केलं असेल त्याने सांगा. वायर एकदा कापली की कापली, म्हणून आधी विचारतोय.

ग्रँटरोड_वेस्ट
साडेतीन एमएमचा स्टिरिओ जॅक लाव ना भावा. तीन वायर, तीन कॉन्टॅक्ट, विषय संपला. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल, मेल-फिमेल दोन्ही, आणि एक्स्टेन्शन हवं तर तयार केबलपण मिळते, सोल्डरिंगची कटकट नाही.

सर्किटकाका
कारखानावाले, आधी तुमच्या शंकेचं उत्तर. वायर बिनधास्त कापा. इंडक्टिव्ह प्रॉक्सी समोर लोखंड आहे की नाही याचा निर्णय स्वतःच्या आतच घेतो, बाहेर येतो तो नुसता चालू किंवा बंद. वायर मीटरभर कमीजास्त झाली, मधे एक जोड आला, तरी सेन्सिंगचं अंतर बदलत नाही. लोड सेल असता तर मीच नको म्हणालो असतो, कारण चार वायरींच्या लोड सेलचं कॅलिब्रेशन त्या वायरीच्या लांबीसकट केलेलं असतं. इथे तो प्रश्न नाही.

मात्र स्टिरिओ जॅक इथे नको. त्याचं कारण नीट समजून घ्या. जॅक आत सरकवताना त्याचं टोक वाटेतल्या प्रत्येक कॉन्टॅक्टला घासत पुढे जातं. हेडफोनला ते चालतं कारण तिथे सप्लाय नसतो. तुमच्याकडे एका कॉन्टॅक्टवर १२ व्होल्ट, एकावर ग्राउंड आणि एकावर कंट्रोलरकडे जाणारा सिग्नल आहे. पॉवर चालू असताना कुणी जॅक घातला किंवा अर्धवट ओढला तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला लागतील किंवा त्याहून वाईट म्हणजे सिग्नलच्या वायरीत जातील, आणि मधे काही संरक्षण नसेल तर ते उनोच्या पाच व्होल्टच्या पिनवर पोचतील. शिवाय जॅकला लॉक नाही. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) चालू झाला की गॅन्ट्रीवरची प्रत्येक गोष्ट थरथरते, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर बसलेला जॅक तिथे भरवशाचा नाही.

ग्रँटरोड_वेस्ट
काका, घासत जाण्याचा मुद्दा पटला. मग जेएसटी, ते छोटे प्लास्टिकचे कनेक्टर? शील्डवर, थ्रीडी प्रिंटरमध्ये सगळीकडे तेच असतात की.

सर्किटकाका
जेएसटी एक्सएच बोर्डावर उत्तम. एकदा लावला की महिनोन् महिने हात लावायचा नाही अशा जागेसाठी तो आहे. यांना तर दर कामानंतर काढायचाय. त्याची छोटी पत्र्याची टर्मिनलं सारखी काढघाल केली की सैल पडतात, आणि लोक नेहमी वायर धरून ओढतात, क्रिंप तिथेच सुटतो. वायर टू वायरवाला जेएसटी एसएम थोडा बरा, त्याला खिट्टी आहे, पण एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) धुळीपासून त्याला काहीच आडोसा नाही.

मुलुंडची_सुतारीण
मी माझ्या मशीनला जीएक्स१२ लावलेत, लोक ज्याला एव्हिएशन कनेक्टर म्हणतात ते. धातूचं अंग, वरून फिरवायची आट्यांची रिंग, २ पिनांपासून ७ पिनांपर्यंत मिळतो. पॅनलला १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं, स्टेप ड्रिल असेल तर दोन मिनिटांचं काम. जीएक्स१६ पण बघितला होता पण सेन्सरच्या बारीक वायरीला तो उगाच बोजड होतो, ब्रॅकेटवर मावतही नाही.

कनेक्टर हवेत लोंबकळत ठेवू नका एवढं मात्र आवर्जून सांगेन. बरेच जण वायर टू वायर जोडतात आणि मग तो धातूचा गोळा ड्रॅग चेनच्या बाहेर हेलकावे खातो, गॅन्ट्री पुढेमागे झाली की सगळा ताण सोल्डरच्या टाक्यावर येतो आणि वायर बरोबर तिथेच तुटते. एल आकाराची पट्टी करा, गॅन्ट्रीच्या बाजूच्या प्लेटला दोन बोल्टनी पक्की करा, त्यात पॅनलवाला भाग बसवा. सेन्सरकडची वीतभर वायर या पट्टीपर्यंत, आणि कंट्रोलरकडून येणारी केबल ड्रॅग चेनमधून येऊन इथे लागेल. म्हणजे चेन कधी उघडायलाच नको. तोंड खाली किंवा आडवं ठेवा, वर नको, नाहीतर भुसा थेट आत. काढून ठेवल्यावर घालायला रबरी टोप्या मिळतात त्यापण घ्या, एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, कुठेही शिरते.

प्लांटमेंटेनन्स
ताईंचं सगळं बरोबर पण माझं मत एम१२ ला, म्हणजे १२ मिलिमीटर आट्यांच्या गोल इंडस्ट्रियल कनेक्टरला. कारखान्यात आयुष्य या सेन्सरांमध्येच चाललंय म्हणून सांगतो. एम१२ चा फायदा असा की पिनांचा क्रम ठरलेला आहे. चार पिनी, ए कोडवाला घ्या. १ नंबरला भुरी म्हणजे प्लस, ३ नंबरला निळी म्हणजे मायनस, ४ नंबरला काळी म्हणजे सिग्नल, २ नंबर रिकामी किंवा पांढरी वायर असेल तर तिच्यासाठी. हे कुणा एका कंपनीने ठरवलेलं नाही, आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यामुळे उद्या सेन्सर मेला तर दुसऱ्या कंपनीचा त्याच प्रकारचा आणून तसाच खोचायचा, डायग्राम शोधायला नको. आणि बाजारात असे सेन्सर मिळतात ज्यांच्या बुडालाच एम१२ चा कनेक्टर असतो किंवा छोट्या शेपटीला मोल्ड केलेला असतो. कापाकापी नाही, सोल्डर नाही. नीट आवळला की आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही.

दुसरं, सेन्सरच्या बाजूला पिना आणि सप्लायच्या बाजूला भोकं, हा नियम कधी मोडू नका. केबल सुटून मशीनवर पडली तर उघड्या पिनेत १२ व्होल्ट नकोत. एम१२ मध्ये ते आपोआप तसंच येतं.

मुलुंडची_सुतारीण
जीएक्समध्येपण तसंच होतं, बहुतेक सेटमध्ये पॅनलच्या भागाला पिना आणि केबलच्या प्लगला भोकं असतात. पॅनलवाला सेन्सरकडे, प्लग कंट्रोलरकडून येणाऱ्या केबलला, झालं. कंट्रोलरच्या डब्यावर दुसरा कनेक्टर लावायचा असेल तर मात्र तिथे उलटं होतं, जिवंत बाजूला पिना येतात, त्यामुळे तिथे मी कनेक्टर न लावता केबल ग्लँड लावलाय आणि वायर सरळ आत नेलीये. एम१२ महाग पडतो हेपण खरं आहे दादा, सेन्सर, केबल दोन्ही धरून.

गॅलरीतला_कारखाना
भरपूर माहिती मिळाली, आभार सगळ्यांचे. जीएक्स१२ की एम१२ एवढंच आता ठरवायचं राहिलंय असं वाटतंय.

सर्किटकाका
नाही, अजून मुख्य गोष्ट राहिली आहे, आणि कनेक्टरच्या आधी ती ठरवायला हवी. आतापर्यंत तुमच्या सेन्सरची वायर अखंड होती. आता तुम्ही मुद्दाम अशी जागा तयार करताय जिथे ती सुटू शकते. रिंग आवळायची राहिली, धूळ बसली, आतला टाका सुटला, काहीही होवो, तर त्या क्षणी मशीन काय करेल? याचं उत्तर सेन्सर एनओ (नॉर्मली ओपन, एरवी सुटलेला) आहे की एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) यावर आहे. सेन्सरच्या अंगावर लिहिलेला पूर्ण नंबर वाचून इथे टाका. शेवटची दोन अक्षरं महत्त्वाची.

गॅलरीतला_कारखाना
एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स. तिन्ही तेच.

सर्किटकाका
म्हणजे एनपीएन, नॉर्मली ओपन. समोर लोखंड आलं की काळी वायर ग्राउंडला ओढली जाते, एरवी ती सुटलेली. आता बघा काय होतं. एक्सचा कनेक्टर निघालेला आहे आणि तुम्ही होमिंगची कमांड दिलीत. जीआरबीएलच्या दृष्टीने सुटलेली वायर आणि समोर काही नसलेला सेन्सर यात काडीचाही फरक नाही. तो एक्सला सेन्सरच्या दिशेने पळवत राहणार. तो शोधतो ते अंतर तुम्ही सेट केलेल्या कमाल ट्रॅव्हलच्या दीडपट असतं, म्हणजे ६०० च्या ॲक्सिसला ९०० मिलिमीटर. गॅन्ट्री टोकाला जाऊन आदळली तरी मोटर कुरकुरत ढकलत राहणार, आणि ते अंतर संपल्यावरच ९ नंबरचा अलार्म येणार. तोवर बेल्ट असेल तर दात उड्या मारतील, लीडस्क्रू असेल तर कपलिंग नाहीतर नटावर सगळा जोर.

आता तोच सेन्सर एएक्सवाला घ्या, म्हणजे एनपीएन, नॉर्मली क्लोज्ड. एरवी काळी वायर ग्राउंडला ओढलेली, लोखंड समोर आलं की सुटते. जीआरबीएलमध्ये $५ या सेटिंगची किंमत १ करायची, म्हणजे पिन वर (पाच व्होल्टकडे) गेली की लिमिट लागली, ॲक्सिस टोकाला पोचला, असं तो समजतो. यात कनेक्टर निघाला तर पिन पुल अपने (तिला पाच व्होल्टकडे ओढणाऱ्या रेझिस्टरने) वर जाते. भुरी तुटली तर सेन्सर मेला, पिन वर. काळी तुटली, पिन वर. तिन्ही प्रकारांत कंट्रोलरला लिमिट लागल्यासारखंच दिसतं. $२१ या सेटिंगने हार्ड लिमिट (लिमिट लागताच मशीन थांबवणं) चालू असेल तर चालू कामात कनेक्टर सुटल्या सुटल्या १ नंबरचा अलार्म येऊन मशीन थांबतं. कनेक्टर न लावताच होमिंग केलंत तर ॲक्सिस फक्त पुल ऑफएवढा, म्हणजे $२७ मध्ये जितका लिहिलाय तितका मिलिमीटर दोन मिलिमीटर मागे सरकतो आणि ८ नंबरचा अलार्म देऊन थांबतो. कुठे काही आदळत नाही.

काढता येणारा जोड आणि एनओ सेन्सर ही जोडी करू नका. कनेक्टर कितीही महागातला घ्या, तो कधीतरी सुटणारच असं धरून चालायचं आणि सुटला तर मशीन थांबेल अशी वायरिंग करायची. जीएक्स की एम१२ हा त्यानंतरचा प्रश्न.

प्लांटमेंटेनन्स
काकांना +१. आमच्याकडेपण ओव्हरट्रॅव्हलचे लिमिट कायम एनसीच असतात, त्यावर चर्चाच होत नाही.

ग्रँटरोड_वेस्ट
पण त्याच्याकडे तीन सेन्सर आहेतच ना, ते फेकून द्यायचे का? काहीतरी जुगाड असेल की.

सर्किटकाका
एक मार्ग आहे, तो अर्धा आहे हेही सांगतो. कनेक्टर ५ पिनी घ्या. तीन पिना सेन्सरच्या. उरलेल्या दोन पिना सेन्सरकडच्या भागात एकमेकींना तारेने जोडून टाका, आणि कंट्रोलरकडच्या केबलमधून त्या दोन वायरी इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाबरोबर सिरीजमध्ये घ्या. कनेक्टर निघाला की स्टॉपचं सर्किटच तुटतं. पण यातून कळतं ते फक्त प्लग लागला आहे की नाही. टाका सुटून नुसती काळी वायर मोकळी झाली तर हे सर्किट गप्पच बसतं. एएक्स सेन्सर कुठलीही सुटलेली वायर पकडतो. हे सेन्सर फार महाग नाहीत, माझा सल्ला बदला असाच आहे. जुने बीएक्स कुठेतरी आरपीएम मोजायला वापरा.

आणि ऑप्टो, म्हणजे सिग्नल उजेडातून पलीकडे देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा ऑप्टोकप्लर, आहे का मधे? की काळी वायर सरळ शील्डवर?

गॅलरीतला_कारखाना
मधे एक डायोड आहे, बाकी सरळ. ऑप्टो घातलाच पाहिजे का?

सर्किटकाका
घालाच. यातल्या बऱ्याच सेन्सरांमध्ये काळ्या आणि भुऱ्या वायरींच्या मधे आतूनच एक रेझिस्टर असतो, त्यामुळे सुटलेली काळी वायर १२ व्होल्टकडे जाते. डायोडने ते अडतं हे बरोबर, पण जोड आल्यावर अजून एक गोष्ट बघावी लागते. उनोचा आतला पुल अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे ५ व्होल्टला कॉन्टॅक्टमधून पाव मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी करंट जातो. नव्या कोऱ्या पिनेला तेवढा पुरतो. पिनेवर काळपट थर चढला की एवढासा करंट तो थर भेदू शकत नाही आणि मग सिग्नल कधी आहे कधी नाही. शिवाय इतक्या हलक्या सिग्नलवर स्पिंडलचा नॉइज लगेच चढतो.

पीसी८१७ घ्या. १२ व्होल्टमधून १ किलोओहमचा रेझिस्टर, तिथून ऑप्टोच्या एलईडीचं प्लस, एलईडीचं मायनस सेन्सरच्या काळ्या वायरीला. दुसऱ्या बाजूला कलेक्टर लिमिटच्या पिनला आणि एमिटर उनोच्या ग्राउंडला. कॉन्टॅक्टमधून साधारण १० मिलिअँपिअर जातो, तो थरही भेदतो आणि नॉइजलाही दाद देत नाही. २४ व्होल्टचा सप्लाय असेल तर रेझिस्टर २.२ किलोओहमचा आणि अर्ध्या वॉटचा, पाव वॉटचा त्यात नुसता तापत राहतो. लिमिटच्या पिनपासून ग्राउंडला १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर. जीआरबीएल १.१ मध्ये एक्स ९ वर, वाय १० वर आणि झेड १२ नंबरच्या पिनवर आहे, जुन्या शील्डवर झेडची जागा ११ अशी छापलेली असते तिकडे लक्ष ठेवा.

वेसाव्याचा_वारा
काळपट थराचं वाचून लिहितोय. आमच्याकडे समुद्र पलीकडे, खारी हवा, पावसाळ्यात तर कपाटातले पाने-पकडीसुद्धा गंजतात. जीएक्सच्या पिना पांढऱ्या मुलाम्याच्या असतात, पहिल्या पावसातच काळवंडतात असा माझा अनुभव. सोन्याचा मुलामा असलेले घेतले तर टिकतील का? आणि काहीजण डब्ल्यूडी४० मारतात ते बरोबर आहे का?

प्लांटमेंटेनन्स
एम१२ च्या पिनांना बहुतेक वेळा सोन्याचा पातळ मुलामा असतोच, सिग्नलसाठी तो उत्तम, सोनं काळं पडत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सरळ एम१२ घ्यावा असं मी म्हणेन. साधा डब्ल्यूडी४० नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर एमडीएफची धूळ चिकटून चिखल होतो. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, पूर्ण उडून जाणारा, तो पॉवर बंद करून मारा, वाळू द्या, दोनचार वेळा प्लग काढा-घाला. मशीन पलंगाखाली ठेवताना टोपी लावून त्यावर झिपवाली पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी.

गॅलरीतला_कारखाना
आमच्याकडे समुद्र इतका जवळ नाही, आणि बजेट बघता जीएक्स१२ घेतो. सेन्सर तिन्ही एएक्स घेणार, ऑप्टोचं बोर्ड झीरो पीसीबीवर करतो. जीएक्स सोल्डर करताना काय सांभाळायचं? पिना फार जवळ जवळ दिसतायत.

मुलुंडची_सुतारीण
हे मी सांगते, मला हे काम मनापासून आवडतं. आधी प्लगचा मागचा दांडा आणि हीट श्रिंकचे तुकडे वायरीत ओवून घ्या, तिन्ही वायरींना वेगळे बारीक तुकडे आणि सगळ्यांवरून एक मोठा. वायरींची टोकं ३ मिलिमीटरच सोला, जास्त नाही, आणि त्यांना आधी सोल्डर पाजून घ्या. पिनेच्या मागे छोटी अर्धगोल वाटी असते, तीही सोल्डरने निम्मी भरून घ्या. मग वाटीला सोल्डरिंग आयर्न टेकवायचं, सोल्डर चकाकलं की वायर आत सोडायची, आयर्न बाजूला, आणि वायर फुंकर न घालता तशीच धरून ठेवायची, चकाकी मावळेपर्यंत.

आणि सोल्डर करताना प्लग त्याच्या जोडीदारात घालून ठेवा. पिना ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेल्या असतात ते जास्त गरम झालं की मऊ पडतं, पिन किंचित कलते आणि मग प्लग कधीच नीट बसत नाही. समोरचा भाग लावलेला असला की पिना सरळ धरल्या जातात आणि उष्णतापण तिकडे पसरते. प्रत्येक पिनेला दोन-तीन सेकंद, त्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर आयर्नचं टोक स्वच्छ करा. झालं की श्रिंक वर सरकवून तापवा, दांड्यातली क्लँप वायरीच्या बाहेरच्या आवरणावर आवळा, आतल्या बारीक वायरींवर नको. वायर बारीक पडत असेल तर तिथे श्रिंकचा अजून एक थर चढवून जाडी वाढवा. मग मल्टिमीटर बझरवर ठेवून प्रत्येक पिन स्वतःच्या वायरीला वाजते का आणि शेजारच्या पिनेला वाजत नाही ना, दोन्ही बघा.

केबल ड्रॅग चेनमधून जाणार असेल तर बारीक अनेक तारांची लवचिक घ्या. लोहार चाळीत मागताना फ्लेक्सिबल शील्डेड तीन कोअर असं सांगा, एका जाड तारेची वायर चेनमध्ये वाकून वाकून आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

ग्रँटरोड_वेस्ट
ताई, वाचून आता मलाच सोल्डरिंग करावंसं वाटतंय. शील्डेड केबलचं जाळं दोन्ही टोकांना ग्राउंड करायचं की एका?

सर्किटकाका
एकाच, कंट्रोलरच्या टोकाला. दुसऱ्या टोकाला कापून श्रिंकखाली झाकून टाका. दोन्ही टोकं जोडली तर मशीनच्या अंगातून ग्राउंडचा फेरा तयार होतो आणि नॉइज उलट वाढू शकतो. जीएक्सचं अंग धातूचं असल्यामुळे जाळ्याची एखादी तार त्याला आत चिकटत नाही ना ते बघा.

प्लांटमेंटेनन्स
अजून एक बाकी आहे. तीन सेन्सर, तिन्हींचे कनेक्टर सारखे, संध्याकाळी घाईत जोडणार. एक्सचा प्लग वायला लागला तर? एक्सची मोटर पळत राहील आणि जो सेन्सर लागेल तो वायच्या पिनवर लागेल. एनसी असूनही इथे आदळणार, कारण वायर तुटलेली नाही, फक्त चुकीच्या जागी आहे. रंगीत स्लीव्ह लावणं ठीक आहे पण संध्याकाळच्या उजेडात रंग चुकतो. त्यापेक्षा एक्सला ३ पिनी, वायला ४ पिनी, झेडला ५ पिनी घ्या. जास्तीच्या पिना रिकाम्या सोडा. एकाचा प्लग दुसऱ्यात जाणारच नाही, रंगावर अवलंबून राहायला नको. आणि मोटर, सेन्सर एकाच कनेक्टरमध्ये घ्यायचा मोह टाळा. स्टेपरची वायर ड्रायव्हर चालू असताना सुटली तर ड्रायव्हर जळतो, ए४९८८ सारखे छोटे ड्रायव्हर तर हमखास, आणि मोटरच्या चार वायरींमधला नॉइज सेन्सरच्या वायरीत शेजारीशेजारी उतरतो.

गॅलरीतला_कारखाना
३, ४, ५ पिनांची कल्पना जबरदस्त आहे, हे डोक्यातच आलं नसतं. तसेच घेतो.

सर्किटकाका
दादांची युक्ती मीही वापरणार. त्याबरोबर मशीन जोडल्यावर होमिंगच्या आधी करायची एक तपासणी लिहून ठेवा. स्पिंडल बंद. कंट्रोलर चालू करा, प्रश्नचिन्ह पाठवून स्टेटस मागवा. त्यात कुठलाही लिमिट लागलेला दिसायला नको. दिसला तर त्याच ॲक्सिसचा कनेक्टर नीट बसलेला नाही, रिंग आवळा. मग लोखंडी पाना एक्सच्या सेन्सरसमोर धरा आणि स्टेटस परत मागवा, एक्स दिसला पाहिजे. तसंच वाय, तसंच झेड. पाना लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमचा तुकडा धरलात तर ४ मिलिमीटरचं अंतर बरंच कमी होतं आणि सेन्सर खराब आहे असं वाटतं. तिन्ही बरोबर दिसले की मगच होमिंग. कनेक्टर लावणं-काढणं नेहमी सप्लाय बंद करूनच.

दिवा_लोकल
धागा उशिरा पाहिला, फार उपयोगाचा आहे. माझ्याकडे ३०१८ हे छोटं सीएनसी आहे, लिमिट नाहीत, फक्त झेडसाठी टच प्लेट (बिट टेकवून उंची मोजायची धातूची प्लेट) आहे, एक वायर प्लेटला आणि एक क्लिप बिटला. ती वायर कायम मधे येते, तिला काढता येणारा जोड द्यायचा आहे. तिलापण एनसी करता येईल का?

सर्किटकाका
टच प्लेट स्वभावानेच एनओ आहे. बिट प्लेटला टेकलं की सर्किट जुळतं, एरवी उघडं. त्यामुळे तुमच्याकडे कनेक्टर सुटला तर कंट्रोलरला कळायचा मार्ग नाही, बिट प्लेटवर दाबत राहणार. म्हणून दर वेळी प्रोबच्या (बिट टेकवून मोजण्याच्या) आधी प्लेट हातात घेऊन बिटला टेकवायची आणि स्टेटसमध्ये प्रोबची पिन लागलेली दिसते का ते बघायचं, मग प्लेट जॉबवर ठेवायची. हे टाळू नका. शिवाय जी३८.२ ही प्रोबची कमांड देताना खोली कमी आणि वेग कमी ठेवा, बिट प्लेटच्या वर १० मिलिमीटरवर असेल तर झेड उणे १५, फीड ५० पुरे. प्लेट लागली नाही तर ५ नंबरचा अलार्म येऊन तिथे थांबेल, पार बेडमध्ये घुसणार नाही. टेकवण्याआधीच पिन लागलेली असेल तर ४ नंबर येतो, म्हणजे वायर कुठेतरी शॉर्ट आहे.

कनेक्टर म्हणाल तर इथे ग्रँटरोडवाल्यांचा ऑडिओ जॅक खुशाल चालेल, मोनो घ्या. यात सप्लायची वायर नाही, दोन्ही वायरी एकमेकींना लागणं हाच सिग्नल आहे, त्यामुळे घालताना घासलं तरी काही जळत नाही, आणि प्रोबिंगच्या वेळी स्पिंडल बंद असतो म्हणून थरथरीचाही प्रश्न नाही. ४ मिलिमीटरचे बनाना प्लगही छान, पकड घट्ट असते. सॉकेट कंट्रोलरच्या डब्यावर, प्रोब करताना लावायचा, झालं की काढून ठेवायचा.

ग्रँटरोड_वेस्ट
जॅकला काम मिळालं, बरं वाटलं काका. दिवा_लोकल, पॅनलवर बसणारा, मागे नट असलेला मोनो सॉकेट माग, प्लास्टिकचा नको, धातूचा घे.

गॅलरीतला_कारखाना
मंडळी, काम पूर्ण झालं. गॅन्ट्रीच्या दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर जाडीच्या एल पट्ट्या, त्यात एक्सचा ३ पिनी आणि झेडचा ५ पिनी, वायचा ४ पिनी बेडच्या फ्रेमवर. सेन्सर एएक्स, ऑप्टो प्रत्येकाला वेगळा, $५ ला १, $२१ ला १. मग मुद्दाम तपासून पाहिलं, स्पिंडल न लावता हवेत जॉब चालू केला आणि एक्सची रिंग सोडून प्लग ओढला, तत्क्षणी १ नंबरचा अलार्म आणि गॅन्ट्री जागच्या जागी. प्लग न लावता होमिंग दिलं तर झेड व्यवस्थित झाला, एक्स जरासा सरकला आणि ८ नंबर. काका म्हणाले अगदी तसंच. त्या तपासणीपुरताच पॉवर चालू असताना प्लग काढला, एरवी सप्लाय बंद करूनच. गॅन्ट्री सोडवताना आता ड्रॅग चेनला हात लावावा लागत नाही.

एक विचारायचंय, होमिंगनंतर पुल ऑफ १ मिलिमीटर ठेवलाय, कधी कधी होमिंग नीट होऊनही ८ नंबर येतो. कनेक्टर तर घट्ट आहेत.

सर्किटकाका
तो कनेक्टरचा दोष नाही. प्रॉक्सी लागतो एका अंतरावर आणि सुटतो त्याहून थोड्या जास्त अंतरावर, म्हणून १ मिलिमीटर मागे जाऊनही तो कधी कधी सुटलेला नसतो. $२७ मध्ये ३ लिहा.